आलेखन लायब्ररी : इन्स्टॉल व इम्पोर्टच्या अडचणी

पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिब, सीबॉर्न, कार्टोपी किंवा आर भाषेतील जीजीप्लॉट२ यांसारख्या वैज्ञानिक आलेख काढणाऱ्या लायब्ररी संगणकावर बसवताना आणि प्रोग्रॅममध्ये वापरायला घेताना येणाऱ्या त्रुटी, व त्यांचे मूळ शोधण्याची रीत.

इन्स्टॉल आणि इम्पोर्ट या दोन निराळ्या घटना आहेत. इन्स्टॉल म्हणजे फायली डिस्कवरच्या एका फोल्डरात जाऊन बसणे. इम्पोर्ट म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या पायथॉनने आपल्या यादीतले फोल्डर एकेक करून धुंडाळणे. पहिली गोष्ट बिनबोभाट पार पडते आणि दुसरी ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ देते, तेव्हा बहुतेक वेळा लायब्ररी संगणकावर असते, पण दुसऱ्याच पायथॉनच्या घरात. एका संगणकावर तीन-चार पायथॉन सहज नांदतात: प्रणालीबरोबर आलेला, स्वतः उतरवून घेतलेला, कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकाचा आणि एखाद्या आभासी परिसरातला, म्हणजे प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरातला. लायब्ररी बसवणारा ‘पिप’ हा प्रोग्रॅम यांपैकी कोणाचा, हे नुसत्या आज्ञेवरून कळत नाही. म्हणून तो थेट न चालवता, ज्या पायथॉनने प्रोग्रॅम चालणार त्याच्याच ‘-एम’ पर्यायातून चालवावा. ज्युपिटर नोटबुकमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण तिथला कर्नल (म्हणजे नोटबुकमधल्या ओळी चालवणारा पायथॉन) आणि टर्मिनलमधला पायथॉन एकच असेल याची खात्री नसते. ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘एक्झिक्युटेबल’ छापून पाहिले की चालू पायथॉनचा पत्ता मिळतो. त्रुटीचा मजकूर शोधयंत्रात टाकण्याआधी ही एक ओळ चालवली, तर बरीच पायपीट वाचते.

याच्या उलट प्रकारही होतो: लायब्ररी जागेवर असते, पण वाटेत तोतया भेटतो. सरावासाठी लिहिलेल्या फायलीला कोणी ‘मॅटप्लॉटलिब.पीवाय’ असे नाव दिले, तर पायथॉन आधी चालू प्रोग्रॅमच्या फोल्डरात पाहतो आणि खऱ्या लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलतो. मग ‘अर्धवट सुरू झालेले मॉड्यूल’ अशा अर्थाचा चक्रावणारा संदेश येतो. पायथॉन ३.१३ पासून संदेशातच फाइलचे नाव बदलण्याची सूचना मिळू लागली. त्याआधीच्या आवृत्त्यांत हे ज्याचे त्यालाच ओळखावे लागे.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मज्जाजीवशास्त्रज्ञाने सुरू केली आणि २००३ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिचा बराचसा भाग पायथॉनमध्ये असला, तरी रेखाटनाचे गाभ्याचे काम सी++ मध्ये होते, अक्षरांसाठी फ्रीटाइप ही लायब्ररी लागते आणि आकड्यांच्या सारण्यांसाठी नमपाय ही. संकलित, म्हणजे आधीच यंत्रभाषेत उतरवलेल्या, सांगाड्यावर उभ्या असलेल्या लायब्ररीचे दुखणे शुद्ध पायथॉन लायब्ररीपेक्षा निराळे असते. ‘व्हील’ या तयार स्वरूपामुळे आता सहसा घरी संकलन करावे लागत नाही. पण पायथॉनची नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर काही लायब्ररींची व्हील यायला वेळ लागतो. तेवढ्या काळात पिप मूळ संहिता उतरवून स्वतः संकलन करू पाहतो, कंपायलर (संकलन करणारा प्रोग्रॅम) नसला की कोसळतो आणि पडदाभर लाल मजकूर ओततो. अशा वेळी पायथॉनची एक पायरी जुनी आवृत्ती घेणे हा शहाणपणाचा मार्ग. विंडोजवर ‘डीएलएल लोड फेल्ड’ आले, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रनटाइम आहे का ते आधी पाहावे.

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली आणि १.एक्स मालिकेसमोर संकलित झालेली मॉड्यूल तिच्याबरोबर चालेनाशी झाली. काल चालणारा प्रोग्रॅम आज इम्पोर्टलाच पडतो आणि लायब्ररीला तर कोणी हातही लावलेला नसतो. दुसरे काहीतरी बसवताना नमपाय मात्र गुपचूप पुढे गेलेली असते. एकतर आलेखन लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यावी, नाहीतर नमपाय २ च्या खाली रोखून धरावी. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र आभासी परिसर ठेवला की ही लागण शेजाऱ्याला होत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या आवृत्ती १२ पासून तर प्रणालीच्या पायथॉनमध्ये पिपने काही बसवायलाच आडकाठी आहे. ती मोडण्याच्या पर्यायाच्या नावातच ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ असे बजावलेले आहे, तरी लोक तो बिनदिक्कत टंकतात.

इम्पोर्ट सुरळीत होऊनही आलेखाची खिडकी उघडली नाही, तर ती बॅकएंडची, म्हणजे आलेख प्रत्यक्ष रंगवणाऱ्या भागाची, बाब. खिडकी दाखवायला टीके किंवा क्यूटीसारखे संच लागतात. ‘ॲग’ हा बॅकएंड फक्त चित्र तयार करतो. दूरच्या सर्व्हरवर पडदाच नसतो, तिथे फाइलमध्ये जतन करणे हेच योग्य. लिनक्सवर आणखी एक खाच आहे: टीकेला पायथॉनशी जोडणारा टीकेइंटर पायथॉनच्या प्रमाण संचाचा भाग असल्याने पिपने आणता येत नाही. काही वितरणे तो वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात आणि तो तिथूनच घ्यावा लागतो.

आरमध्ये लायब्ररीचे फोल्डर आवृत्तीनिहाय असतात, त्यामुळे ४.३ वरून ४.४ वर गेल्यावर वापरकर्त्याने बसवलेली पॅकेजेस नाहीशी झाल्यासारखी वाटतात. त्रुटी वाचण्याची दिशाही बदलते. पायथॉनच्या इम्पोर्ट-त्रुटीत शेवटची ओळ मोलाची. आरमध्ये शेवटी येणारे ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ हा निव्वळ परिणाम असतो, खरे कारण वर कितीतरी ओळी आधी दडलेले असते. पिपचे संकलन फसले तरी असेच वर सरकत जावे लागते.

नव्याने बसवलेली मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा चालवताना बराच वेळ अडकल्यासारखी वाटते, ती मात्र त्रुटी नव्हे. ती संगणकावरील फाँटची यादी बनवून साठवत असते. पुढच्या खेपेला हा वेळ लागत नाही.