सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीतली शाळा आणि दापोलीचे पेन्शनर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील एवढ्याच ओळखीवर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे स्मरण होते, आणि त्यामुळे त्यांच्या घडणीमागे असलेला लष्करी नोकरीचा इतिहास बहुतेक वेळा नजरेआड राहतो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. त्यांचे वडील मालोजी लष्करात होते आणि सासरे धर्माजी मुरबाडकर हेही सुभेदार होते. गावात पाणवठ्याजवळही ज्यांना उभे राहू दिले जात नसे, अशा महार कुटुंबांतील अनेक पुरुषांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकरी केली. तिथे पगार आणि हुद्दा तर मिळालाच, पण त्याहून दूरवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे पलटणीची शाळा, कारण शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तिथे लिहावाचायला शिकवले जात असे. रामजी अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. महू येथे ते नोकरीला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्माला आले.

नोकरी संपल्यावर ते कुटुंबासह दापोलीला आले. कॅम्प दापोली हे सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या वस्तीचे ठिकाण होते, आणि अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लेखी मागणी करण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत या वस्तीतील पेन्शनरांचा वाटा मोठा आहे. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथेच राहत होते. त्यांनी १८८८ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था स्थापन केली. १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा पलटणीच्या आधारावर उभी राहिलेली ही लिहिती-वाचती पिढी हादरली. बंदी उठवावी म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. रामजींनीही याच प्रश्नी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन सरकारकडे दाद मागितली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. स्वतःची नोकरी पुरी करून बसलेल्या माणसाने पुढच्या पोरांसाठी केलेली ही खटपट मला फार मोलाची वाटते. भरती पुन्हा सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये. महार रेजिमेंटची उभारणी तर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला झाली. ते पाहायला रामजी नव्हते.

दापोलीहून कुटुंब साताऱ्याला गेले आणि तिथे रामजींच्या पत्नी भीमाबाई यांचे निधन झाले. मुलांना मीराआत्याच्या हाती सोपवून रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून राहिले. त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना १९०१ च्या सुमारास मसूर स्थानकावर आणि पुढे बैलगाडीच्या प्रवासात अस्पृश्य म्हणून जो अनुभव आला, तो बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. रामजी कबीरपंथी होते, आणि घरात रोज रामायण-महाभारताचे वाचन होई. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये आणि द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखे साध्या स्थितीतले लोक कुठवर पोहोचले हे त्यांनी पाहावे, हा त्यामागचा त्यांचा हेतू बाबासाहेबांनी पुढे सांगितला.

१९०४ नंतर मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत, हा निवृत्त सुभेदार स्वतः पहाटे दोनपर्यंत जागून मग मुलाला अभ्यासाला उठवत असे, आणि पुस्तकासाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जाऊन मागत असे. प्रसंगी त्यांचा दागिना गहाण पडे. मोठ्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली, कारण दोघांचे शिक्षण त्या पेन्शनमध्ये बसत नव्हते. भीमराव १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजींचा अखेरचा श्वास उरला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले.