खाजगी तलावाचा बांध : 'धोक्याचा वर्ग' आला कुठून?

पावसाळ्याआधी मुंबईहून कर्जतकडे प्लॉट बघायला गेलो होतो, एजंटने कौतुकाने 'लेक व्ह्यू' दाखवला. लेक कसला, ओढ्यावर घातलेला मातीचा बांध, माथ्यावरून गाडी जाईल एवढी वाट, दोन पेडल बोटी आणि सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेच्या, तोंडाशी मासे पळू नयेत म्हणून जाळी. ती जाळी बघून मला अमेरिकेतलं, धरण फुटून वाहून गेलेलं जॉन्सटाउन आठवलं.

पेनसिल्व्हेनियात कालव्यासाठी बांधलेलं साउथ फोर्क हे मातीचं धरण १८७९ मधे श्रीमंतांच्या एका क्लबने मासेमारीसाठी घेतलं, कार्नेगी, फ्रिक असले पोलादातले बडे उद्योगपती मेंबर. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून भंगारात घातलेले, ते क्लबने परत बसवलेच नाहीत, म्हणजे तलाव उतरवायची सोयच नाही, वर घोडागाड्यांसाठी माथा छाटून खाली घेतला आणि सांडव्यावर जाळी. ३१ मे १८८९ ला धो धो पावसात जाळीत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो गेलाच समजा. खाली जॉन्सटाउन आणि आसपास २,२०९ माणसं मेली. क्लबकडून कोर्टात कोणाला दमडीही मिळाली नाही.

तरी खाजगी धरणं देशभर तपासायला तिकडे १९७७ उजाडावं लागलं. जॉर्जियातलं केली बार्न्स धरण, एका बायबल कॉलेजच्या मालकीचं, ६ नोव्हेंबरच्या रात्री फुटलं, ३९ जण गेले. मग सरकारने ज्यांच्याखाली वस्ती आहे अशी हजारो धरणं तपासायला घेतली.

तिकडे धरणांना लावतात ते धोक्याचे वर्ग, हाय (जास्त), सिग्निफिकंट (मधला), लो (कमी), भिंतीची तब्येत सांगत नाहीत. फुटलं तर खाली कोण सापडेल, एवढंच बघतात. त्यामुळे ठणठणीत बांधही 'हाय' असू शकतो, आणि आजचा 'लो' खाली चार घरं उठली की बांधाला हातही न लावता वर सरकतो.

आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. मालक खाजगी असला तरी लागू, पण १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींपैकी निदान एक पुरी होत असेल तर, म्हणजे साठा निदान १० लाख घनमीटर किंवा लांबी निदान ५०० मीटर वगैरे. फार्महाऊसचे बांध त्यात कुठे बसणार?

२ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात पाण्याच्या लोंढ्याने भिंत झोपड्यांवर पडली आणि त्याच दिवशी रात्री चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं. खेकड्यांनी फोडलं म्हणून जोक खूप झाले, पण मातीच्या बांधात बिळं हा प्रश्न खराच असतो, पाणी तिथूनच वाट काढतं.

निघताना एजंटला विचारलं, फेज टू कुठे येतोय? त्याने बांधाच्या खालच्या अंगाला हात केला.