अडकलेला मेंदू आणि एक छोटी उडी

‘आता माझ्याच्यानं काही होणार नाही’ असं वाटून माणूस महिनोन्‌महिने एकाच जागी रुतून बसतो. घरचे त्याला आळशी म्हणतात, हळूहळू तोही स्वतःला तेच म्हणू लागतो. प्रयोगशाळेतला पुरावा मात्र वेगळं सांगतो.

1967 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांची वर्णनं आज वाचवत नाहीत. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटालाही तेवढेच झटके बसत. ते थांबवायला मात्र काहीच उपाय नव्हता. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होई. पहिला गट उडी मारून मोकळा झाला. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री जागीच पडून झटके सोसत राहिली. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे ती शिकली, असा अर्थ लावला गेला. याला नाव मिळालं ‘शिकलेली हतबलता’.

जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा केला. मधल्या काळात मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते. उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करताना दिसलं, की लांबलेल्या त्रासात गळून पडणं शिकावं लागतच नाही. ती मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या तळाकडच्या काही पेशी सेरोटोनिन हे रसायन सोडतात आणि प्राणी निपचित होतो. शिकावं लागतं ते हे, की ‘माझ्या करण्याने फरक पडतो’. ते एकदा उमगलं, की कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्या पेशींना आवर घालतो. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण अडकलेल्या माणसावरचा नाकर्तेपणाचा शिक्का त्याने पुसला जातो.

मग ही खात्री यायची कशी? नुसतं घोकून येत नाही. ‘मी प्रेम करण्याजोगा आहे’ असं वाक्य स्वतःशी म्हणायला लावल्यावर, स्वतःला आधीच कमी लेखणाऱ्यांना उलट आणखी वाईट वाटलं, असं कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या 2009 च्या अभ्यासात आढळलं. त्या कुत्र्यांनाही शेवटी दोरीने ओढून पुन्हा पुन्हा अडसरापलीकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठे ती आपणहून उड्या मारू लागली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनीही 1977 मध्ये हेच मांडलं: स्वतः करून पाहिलेल्या कामाइतका भक्कम आधार आत्मविश्वासाला दुसरा नाही. म्हणून पाऊल इतकं लहान हवं, की ते फसूच नये. थकलेल्या बिलांचा गठ्ठा नको. त्यातलं एकच बिल आज भरावं.

त्याआधी थोडं स्वस्थ बसण्याचा उपयोग होतो. मिनिटाला साधारण 6 श्वास, उच्छ्वास जरा लांब. त्याने मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. ‘होणार नाही’ हा विचार आला की तो नुसता येताना पाहावा, लगेच खरा मानू नये. सुरुवातीला हे जड जातं. 2014 च्या एका अमेरिकी प्रयोगात 15 मिनिटं एकटं रिकामं बसण्यापेक्षा 18 पैकी 12 पुरुषांनी स्वतःला विजेचा झटका देऊन घेतला! तेव्हा पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं पुरे.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र एकट्याने झुंजू नये. डॉक्टरांना भेटावं किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला 14416 वर फोन करावा. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो.