वाहिनी झुकलेली असणं आणि झुकलेली वाटणं

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि त्याआधीच्या आठवड्यात मी लातूरजवळ मामाकडे गेलो होतो. रात्री नऊचं बातमीपत्र लागलं. मामा आघाडीवाले, त्यांचे साडू अण्णा महायुतीवाले, दोघं एकाच दिवाणावर. दहा मिनिटं झाली नाहीत तोच मामा म्हणाले, "विकली गेलीत सगळी." अण्णांनी लगेच मान हलवली, "तेच म्हणतो मी. सगळी तुमच्या दावणीला बांधलेली."

बातमीपत्र एकच होतं, टीव्हीही एकच.

मी काही वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या पडद्यासाठी तयार होतात तिथे, काढली आहेत, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. प्रचाराच्या दिवसांत डेस्कवरचा फोन असाच वाजायचा. एका पक्षाचा माणूस "आमची सभा दाखवलीच नाही" म्हणून ओरडायचा, आणि तो फोन ठेवतो न ठेवतो तोच समोरच्या पक्षाचा माणूस "त्यांचीच सभा किती दाखवता" म्हणून. आम्ही हसायचो आणि म्हणायचो, दोन्हीकडून शिव्या पडतायत म्हणजे आपलं बरोबर चाललंय. हा समज किती कच्चा होता ते पुढे कळलं. दोन्हीकडून शिव्या खाणारी वाहिनीसुद्धा झुकलेली असू शकते.

घोळ होतो तो असा: वाहिनी झुकलेली वाटते ते बघणाऱ्याच्या डोक्यात, आणि वाहिनी झुकलेली असते ती पडद्यावर, किंवा खरं तर पडद्यावर येण्याआधीच. दोन्हीला आपण 'पक्षपात' हा एकच शब्द वापरतो आणि मग भांडण सुटत नाही.

आधी वाटण्याबद्दल. अमेरिकेत १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तीन दिवस आधी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मतदारांना विचारलं, कार्टर आणि रेगन यांच्या प्रचाराचं वार्तांकन तुम्हाला कसं वाटतं? बहुतेकांना ते ठीक वाटलं. साधारण एक तृतीयांश लोकांना ते झुकलेलं वाटलं आणि त्यातले सुमारे ९० टक्के म्हणाले, आमच्या उमेदवाराच्या विरोधात झुकलेलं. मग रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी हेच नीट तपासायचं ठरवलं. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शतिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत झालेल्या हत्याकांडावरच्या टीव्ही बातम्या त्यांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या. काही विद्यार्थी इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या. सगळ्यांनी पाहिल्या त्या त्याच बातम्या. अरबांच्या बाजूच्या मुलांना इस्रायलचे ४२ टक्के उल्लेख चांगले आणि २६ टक्के वाईट वाटले. इस्रायलच्या बाजूच्या मुलांना १६ टक्के चांगले आणि ५७ टक्के वाईट. हा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला.

या अभ्यासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांनाच पक्षपात जास्त दिसला. आपल्याकडे चावडीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण त्याच माणसाचं ऐकतो ना, "त्याला राजकारणातलं सगळं कळतं" म्हणून?

यामागचं कारण साधं आहे. मामांच्या मते त्यांची बाजू खरी आणि समोरची खोटी. वाहिनीने दोघांना पाच-पाच मिनिटं दिली की मामांच्या हिशेबाने खोट्याला पाच मिनिटं फुकट मिळाली. अण्णांचाही हिशेब तोच, फक्त उलटा. त्यात आपल्या माणसावरची टीका लक्षात राहते आणि कौतुक विसरलं जातं, कारण कौतुक म्हणजे आपल्याला बातमी वाटतच नाही, ते व्हायलाच हवं होतं असं वाटतं.

महाराष्ट्रात तर गेल्या काही वर्षांत भाषेनेच डेस्कची कोंडी केली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. खालच्या पट्टीवर काय लिहायचं? 'बंड' म्हटलं तर शिंदेंची माणसं म्हणत, हा 'उठाव' आहे. 'उठाव' लिहिलं तर ठाकरेंची माणसं विचारत, गद्दारीला उठाव म्हणता? 'फूट' त्यातल्या त्यात थंड शब्द, पण फूट म्हटलं की 'फोडली कुणी' हा प्रश्न येतोच. पुढे १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला. म्हणजे पट्टीवर 'शिंदे गट' लिहिलं तर आयोगाचा निर्णय मानला नाही, आणि नुसतं 'शिवसेना' लिहिलं तर अर्ध्या प्रेक्षकांना कळणारच नाही कुठली. पट्टीत जागा असते पाच-सहा शब्दांची. तिथे कुठलाही शब्द टाका, कुणीतरी चिडणारच. हे चिडणं खरं आहे, पण तेवढ्याने वाहिनी झुकलेली ठरत नाही.

मग ठरते कशाने? शब्दांपुरती एक चाचणी मी करतो: पक्षांची अदलाबदल. २ जुलै २०२३ ला अजित पवारांनी शपथ घेतली, तेव्हा त्याच वाहिनीने कोणता शब्द वापरला? एकाला 'बंड' आणि दुसऱ्याला 'नवी भूमिका' असेल, तर तिथे बोट ठेवायला जागा आहे. दोन्ही वेळी 'बंड' असेल तर तो डेस्कचा शिरस्ता झाला.

पण खरं सांगायचं तर शब्दांतला झुकाव हा त्यातला किरकोळ प्रकार. तो ऐकू येतो म्हणून आपण चिडतो. जो झुकाव खरोखर काम करून जातो, तो बहुधा कुणाला चिडवतच नाही.

सभेचंच घ्या. वाहिनीने स्वतः सभा दाखवायची म्हणजे ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी), कॅमेरामन, रिपोर्टर, प्रवास आणि एक अख्खा दिवस. राज्यात एका संध्याकाळी मोठ्या नेत्यांच्या पाच-सहा सभा असतात आणि छोट्या वाहिनीकडे गाड्या असतात दोन-तीन. अशा वेळी पक्षच म्हणतो, आमची फीड, म्हणजे आम्ही केलेलं थेट चित्रण, घ्या. पक्षाचे कॅमेरे, पक्षाची क्रेन, स्वच्छ आवाज, पैसा शून्य. २०१४ च्या लोकसभा प्रचारात ही पद्धत चांगलीच रुळली. आता बघा काय होतं. वाहिनीचा कॅमेरामन भाषण चालू असताना सहज कॅमेरा मागे वळवतो. मागच्या खुर्च्या रिकाम्या असतील तर त्या दिसतात, उठून चाललेली माणसं दिसतात. पक्षाची क्रेन गर्दीवरून फिरते आणि गर्दी संपायच्या आत परत मंचावर येते. निवेदक अवाक्षर बोललेला नसतो, पट्टीवर एकही वावगा शब्द नसतो, आणि तरीही मैदान किती भरलेलं दिसावं हे पक्षाने ठरवलेलं असतं. मामा किंवा अण्णा, दोघांपैकी कुणीही याबद्दल कधी तक्रार केलेली मला आठवत नाही.

वेळेचंही असंच. दिल्लीच्या सीएमएस मीडिया लॅब या माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मार्च-एप्रिल २०१४ मधल्या राष्ट्रीय वाहिन्यांच्या प्राइम टाइमचा हिशेब मांडला होता. नरेंद्र मोदींना सुमारे ३३ टक्के, अरविंद केजरीवालांना सुमारे १० आणि राहुल गांधींना साधारण ४ टक्के वेळ. आकडा डोळ्यांत भरतो, पण तो एकटा सगळं सांगत नाही. मिळालेला वेळ टीकेचाही असू शकतो, आणि जो जास्त सभा घेतो तो जास्त दिसणार, हा युक्तिवादही खोटा नाही. मला विचाराल तर मिनिटांपेक्षा त्या मिनिटांत संपादकाचा हात किती होता हे बघावं. रिपोर्टरने कापून आणलेला वीस सेकंदांचा बाईट आणि न थांबवता दाखवलेलं पंचेचाळीस मिनिटांचं लाइव्ह भाषण, दोन्ही 'वार्तांकन' म्हणूनच मोजलं जातं. त्या पंचेचाळीस मिनिटांत वक्ता जे म्हणेल ते तसंच घराघरांत पोहोचतं, मध्ये कुणी विचारणारा नसतो.

मोजून वाटून दिलेला वेळ बघायचा असेल तर दूरदर्शन आणि आकाशवाणी बघा. १९९८ च्या लोकसभेपासून तिथे मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो. थोडा सगळ्यांना सारखा आणि वरचा मागच्या निवडणुकीतल्या मतांप्रमाणे. शिस्तीत सगळं ठीक, पण ते बघतो कोण, हा वेगळाच विषय.

इथे आणखी दोन गोष्टी गुंत्यात येतात, त्या चटकन बाजूला काढू. एक पेड न्यूज. पैसे घेऊन बातमीच्या वेशात जाहिरात करणं. ती झुकावापेक्षा फसवणुकीच्या जवळची. महाराष्ट्रातलं गाजलेलं प्रकरण २००९ च्या विधानसभेचं, अशोक चव्हाणांवरच्या मजकुराचं, आणि ते वृत्तपत्रांतलं होतं. आयोगाने २०१४ मध्ये त्यांना नोटीस काढली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पेड न्यूज ठरवायची तर व्यवहार झाल्याचा माग लागतो, नुसता सूर पुरत नाही. दुसरी गोष्ट पक्षाचीच वाहिनी. मार्च २०१९ च्या अखेरीस डीटीएचवर 'नमो टीव्ही' अचानक अवतरला आणि निवडणूक संपता संपता गेलाही. त्यावरचा राजकीय मजकूर आधी प्रमाणित करून घ्या, असं आयोगाला सांगावं लागलं. त्याला पक्षपाती म्हणण्यात अर्थ नाही, पक्षाच्या जाहिरात फलकाला कुणी पक्षपाती म्हणतं का?

तक्रार करायचीच असेल तर वाहिन्यांची स्वतःची एनबीडीएसए ही यंत्रणा आहे. आधी वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांत. पण तिथे "तुम्ही विकले गेलात" चालत नाही. कुठला कार्यक्रम, किती तारीख, किती वाजता, नेमकं काय दाखवलं, हे लागतं. म्हणजे वाटणं सोडून असण्याकडे यावंच लागतं, आणि बहुतेक तक्रारदार तिथेच गळतात.

त्या रात्री मी मामांना म्हटलं, उद्या वही घेऊन बसा. मामा इरेला पडणारे. दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी चौरेघी वही आणि मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं, पट्टीने रेघा मारल्या आणि तासभर कुणाला बोलू दिलं नाही. दहाला बेरीज केली. महायुती १९ मिनिटं, आघाडी १७, बाकी सगळ्या जाहिराती आणि निवेदकाची बडबड.

"बघ, दोन मिनिटं जास्त," मामा म्हणाले.

"एकोणीसमधली सात आमच्या बंडखोरांची," अण्णा म्हणाले. "ती तुमच्या खात्यात धरा."

त्यावर अर्धा तास वाद चालला. मी पाणी प्यायला ओसरीवर आलो. तिथे सोयाबीनची पोती भिंतीला लावून ठेवली होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कमी, म्हणून मामांनी माल काढला नव्हता. अण्णांच्याही घरी तीच गत होती. तासभराच्या बातमीपत्रात सोयाबीनला किती मिनिटं मिळाली ते बघायला मी परत आत येऊन वही घेतली. वहीत तीन रकाने होते: महायुती, आघाडी, इतर. सोयाबीनचा रकाना मामांनीही पाडला नव्हता.