भूल उतरल्यानंतरचा श्वास

ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. मुळशीकडच्या साठीतल्या बाईंच्या हातात सिस्टर श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात. बाई नळी तोंडात धरून जोरात फुंकतात. गोळ्या हलत नाहीत. "मावशी, फुंकायचं नाही, आत ओढायचं." जन्मभर चुलीपुढे फुंकणी धरलेल्या माणसाला हे उलटंच वाटणार. पुण्यातल्या वॉर्डांत हे नेहमीचं.

या यंत्राच्या पूर्वजाचं आणि भुलीचं साल एकच, 1846. लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी फुप्फुसांची क्षमता मोजणारा स्पायरोमीटर मांडला. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. दोघांची गाठ पडायला मात्र फार वेळ लागला. ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला की खापर ईथरवर फुटायचं. ईथरने खोकला आणि लाळ वाढते, त्यामुळे संशय अगदीच वावगा नव्हता. 1908 मध्ये विल्यम पाश्चर (लुई नव्हेत) यांनी बोट दुसरीकडे दाखवलं: श्वासपटल (छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू) नीट हलत नाही, म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. 1985 मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर पाहिलं, तर भूल दिल्यावर काही मिनिटांतच पाठीकडचा भाग मिटलेला.

मधल्या काळात, 1942 मध्ये, माँट्रियलच्या ग्रिफिथ या भूलतज्ज्ञांनी भुलीत क्युरारे हे स्नायू ढिले करणारं औषध वापरलं. स्नायू सैल पडले, सर्जनचं काम सोपं झालं. पण भूल उतरली तरी स्नायूंतला त्याचा अंमल थोडा मागे राहू लागला. धडधाकट माणूस ते निभावून नेतो. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असलेल्या रुग्णाच्या छातीत आधीच हवा अडकलेली, कफ साचलेला. त्याला जोरकस खोकता आलं नाही, की कफ तिथेच राहतो. भरपूर ऑक्सिजन लावावा, तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो. मोजूनमापून ऑक्सिजन देण्याचा आग्रह 1960 च्या सुमारास कॅम्पबेल या डॉक्टरांनी धरला. आज अशा रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनच्या साधारण 88 ते 92 टक्के पातळीवर समाधान मानतात.

सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, हा समज मात्र बराच टिकला. 2009 मध्ये पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं. त्यात चुलीचा धूर ठळक होता. तरी ऑपरेशनपूर्व तपासणीत बाईंना पुष्कळदा एवढंच विचारलं जातं, "तंबाखू, विडी?" बाई म्हणतात, "नाही बा." दम लागतो का, तर "वयामुळं जरा." पुढच्या रकान्यात शुगर.