सामन्याला पंचवीस गुण, पण कुणाच्या वाट्याचे?

फेब्रुवारी २०११ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स या संघाने डेन्व्हर नगेट्सकडून कार्मेलो अँथनीला आणलं. तो त्या काळातल्या सर्वांत धारदार फॉरवर्डांपैकी (पुढच्या फळीतल्या खेळाडूंपैकी) एक होता आणि त्या हंगामात डेन्व्हरसाठी सामन्याला सरासरी २५ गुण करत होता. बदल्यात निक्सने विल्सन चँडलर, डॅनिलो गॅलिनारी, रेमंड फेल्टन आणि टिमोफे मॉझगॉव्ह हे चार खेळाडू दिले, ३० लाख डॉलर दिले, २०१४ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतली, पहिल्या फेरीची निवड दिली. शिवाय २०१६ च्या ड्राफ्टमध्ये दोन्ही संघांपैकी ज्याचा निवडीचा क्रमांक वरचा असेल तो घ्यायची मुभाही डेन्व्हरला दिली. अँथनीबरोबर चॉन्सी बिलप्स हा अनुभवी गार्डही (चेंडू हाताळत चाल रचणारा खेळाडू) न्यूयॉर्कला आला. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या निक्सच्या घरच्या मैदानात जल्लोष झाला, आणि तो स्वाभाविकच होता.

आता निकाल पाहा. या ट्रेडपूर्वी, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीपूर्वी, निक्सचे २८ विजय आणि २६ पराभव होते. ट्रेडनंतर १४ विजय, १४ पराभव. डेन्व्हर आधी ३२-२५ होता. सगळ्यांत मोठा खेळाडू गेल्यावर उरलेल्या २५ सामन्यांत त्यांनी १८ जिंकले.

ज्या संघाने तारा गमावला तो सुधारला आणि ज्याने मिळवला तो होता तिथेच राहिला. हे कसं होतं, हा प्रश्न मला बास्केटबॉलच्या गणितातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

आधी एक सावधगिरी. २५ सामने म्हणजे फार थोडे. डेन्व्हरची खरी ताकद मुळीच बदलली नसती, म्हणजे आधीसारखेच शंभरातले ५६ सामने जिंकण्याएवढी राहिली असती, तरी २५ पैकी १८ किंवा त्याहून जास्त विजय मिळण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते. बारा वेळांत एकदा नुसत्या योगायोगाने असं घडू शकतं. तेवढ्यावरून निष्कर्ष काढायला मी तयार झालो नसतो. पण २०१२-१३ च्या हंगामात याच डेन्व्हरने ८२ पैकी ५७ सामने जिंकले, आणि तेव्हा त्यांच्या सर्वाधिक गुण करणाऱ्या टाय लॉसनची सरासरी १७ च्याही खाली होती. एवढं झाल्यावर मात्र योगायोग म्हणून विषय सोडून देता येत नाही.

मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. मैदानात चेंडू एकच असतो आणि एका संघाचे खेळाडू पाच. सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती साधारण ९० ते १०० वेळा चेंडू येतो, आणि दर वेळी २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. हा २४ सेकंदांचा नियम एनबीएमध्ये १९५४ साली आला. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद होतात. दोन्ही संघ मिळून सामन्यात १२० शॉट घेतात असं धरून भागाकार केला आणि २४ हा आकडा निघाला. शॉटची संख्या अशी जवळपास ठरलेली असल्यामुळे एखाद्याने जास्त शॉट घेतले की ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातात. ट्वेंटी-२० क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डावात चेंडू १२० असतात, आणि ४८ चेंडूंत ५० धावा करणारा फलंदाज धावफलकावर कितीही शोभून दिसला तरी त्याने खाल्लेले चेंडू कुणाचे होते, हे आपण विचारतोच.

म्हणून ‘सामन्याला किती गुण’ या आकड्याआधी ‘एका संधीमागे किती गुण’ हा आकडा पाहायला हवा. लांबून घेतलेला दोन गुणांचा शॉट ४० टक्के वेळा पडला तर त्याची सरासरी किंमत ०.८ गुण होते. तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३६ टक्के पडले तरी किंमत १.०८ होते. फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) धरून हा हिशेब करायलाही एक माप आहे: एकूण गुणांना, घेतलेले शॉट अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागायचं. या मापावर अँथनीची पूर्ण कारकीर्द ५४ टक्क्यांच्या आसपास येते. लीगची त्या वर्षांतली सरासरीही साधारण तेवढीच होती. याचा अर्थ तो सामान्य खेळाडू होता असा कुणी काढू नये. सरासरीइतकी अचूकता कायम ठेवून संघाच्या एक तृतीयांश संधी स्वतःच्या खांद्यावर घेणं फार थोड्यांना जमतं, कारण शॉटचा वाटा वाढला की प्रत्येक शॉटची किंमत घसरते. सोपे शॉट आधी संपतात, मग अवघड घ्यावे लागतात, आणि समोरच्या बचावालाही चेंडू कुणाकडे जाणार हे ठाऊक असतं.

ही घसरण काय करते ते समजायला एक काल्पनिक संघ घेऊ. त्यातला तारा संघाच्या १०० पैकी २० शॉट घेतो तेव्हा त्याला शॉटमागे १.१५ गुण मिळतात. त्यापुढे वाट्यातल्या प्रत्येक वाढीव शॉटगणिक त्याची सरासरी ०.०१ ने घसरते. बाकीचे चौघे मिळून शॉटमागे ०.९५ गुण करतात. ताऱ्याने २० शॉट घेतले तर त्याचे २३ गुण, इतरांचे ७६, एकूण ९९. त्याने ३० घेतले तर त्याचे ३१.५ आणि संघाचे ९८. त्याने ४० घेतले तर त्याचे ३८ होतात आणि संघाचे ९५.

या तीन ओळींवर मला थोडं थांबायचं आहे. ताऱ्याचे गुण २३ वरून ३८ वर गेले. वर्तमानपत्रात त्याचा फोटो येईल, तिकिटं खपतील. शिवाय ३० शॉट घेतानाही त्याची सरासरी १.०५ आहे, म्हणजे सहकाऱ्यांपेक्षा चांगलीच. तेव्हा ‘चेंडू त्यालाच द्या, तोच सगळ्यांत चांगला आहे’ हे म्हणणं अगदी बरोबर वाटतं. तरीही संघाचं नुकसान होतंय. कारण निर्णय सरासरीवरून घ्यायचा नसतो, पुढच्या शॉटवरून घ्यायचा असतो. २१ व्यापासून ३० व्यापर्यंतच्या दहा शॉटनी त्याच्या गुणांत फक्त ८.५ ची भर घातली, शॉटमागे ०.८५. तेच दहा शॉट सहकाऱ्यांनी घेतले असते तर ९.५ गुण आले असते. ९९ आणि ९५ मधला चार गुणांचा फरक लहान समजू नये. एनबीएच्या ८२ सामन्यांच्या हंगामात सरासरी एका गुणाचा फरक साधारण २.७ विजयांच्या बरोबरीचा असतो, असा ठोकताळा आहे.

२०१० मध्ये ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने नेमका हाच विचार एका शोधनिबंधात मांडला. रे अ‍ॅलन या नेमबाजाची आकडेवारी त्याने उदाहरण म्हणून वापरली, पण त्याची मूळ प्रेरणा रस्त्यांवरच्या वाहतुकीची होती. डिट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवलं होतं की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा, चांगला रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. प्रत्येक चालक स्वतःपुरता उत्तम मार्ग निवडतो, सगळे त्या नव्या रस्त्यावर येतात आणि तो तुंबतो. उलट एखादा रस्ता बंद केल्यावर वाहतूक सुधारूही शकते. २२ एप्रिल १९९० ला, वसुंधरा दिनानिमित्त, न्यूयॉर्कची ४२ वी स्ट्रीट बंद ठेवली तेव्हा मोठ्या कोंडीची भीती होती. प्रत्यक्षात वाहतूक नेहमीपेक्षा बरी चालली. ती स्ट्रीट मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे.

स्किनरच्या मते संघाचं आक्रमणही असंच जाळं आहे. चेंडू बास्केटपर्यंत नेण्याच्या अनेक वाटा असतात आणि तारा ही त्यांतली सर्वांत चांगली वाट. दर वेळी तीच निवडली तर ती तुंबते. मुख्य खेळाडू जखमी झाल्यावर संघ कधीकधी आणखी चांगला का खेळतो, याचं एक संभाव्य स्पष्टीकरण यात मिळतं. अमेरिकेतले क्रीडारसिक या कल्पनेला निक्सच्याच एका जुन्या ताऱ्याचं, पॅट्रिक युइंगचं, नाव देतात. १९९९ च्या प्लेऑफमध्ये युइंग इंडियानाविरुद्धच्या मालिकेत जायबंदी झाला, आणि त्याच्याशिवाय निक्सने ती मालिका जिंकून अंतिम फेरी गाठली. तिथे मात्र सॅन अँटोनिओने त्यांना ४-१ असं हरवलं. एका मालिकेवरून सिद्धांत उभा राहत नाही, आणि युइंग नसता तर निक्स अधिक चांगला संघ झाला असता असं मला अजिबात वाटत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. माझ्या काल्पनिक संघात सहकाऱ्यांचे ०.९५ गुण मी स्थिर धरले होते. प्रत्यक्षात ते स्थिर नसतात. ताऱ्यावर दोन बचावपटू धावून गेले की कुणीतरी मोकळा राहतो आणि त्याच्या शॉटची किंमत वाढते. तो शॉट ताऱ्याच्या खात्यात दिसत नाही, पण त्याच्यामुळे घडलेला असतो. शिवाय २४ सेकंदांतले २० निघून गेलेले, रचलेली चाल फसलेली, अशा वेळी कुणीतरी तो अवघड शॉट घ्यायलाच हवा. तो अँथनीने घेणं आणि राखीव गार्डने घेणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने नायजेरियाला १५६-७३ असं हरवलं. त्या सामन्यात अँथनीने १४ मिनिटांत ३७ गुण केले, तीन गुणांचे १२ पैकी १० शॉट टाकले. समोरचा संघ दुबळा होता हे मान्य. पण इथे तो थांबून, वाट अडवून, एकट्याने झुंजत नव्हता. भोवती लेब्रॉन जेम्स आणि केव्हिन ड्युरंटसारखे खेळाडू होते, चेंडू फिरत त्याच्यापर्यंत यायचा आणि तो मोकळ्या जागेतून लगेच शॉट घ्यायचा. पुढच्याच हंगामात निक्सने याच्याशी जुळणारी मांडणी केली. अँथनीला बरेचदा पॉवर फॉरवर्डच्या, म्हणजे एरवी बास्केटजवळ खेळणाऱ्या फॉरवर्डच्या, जागी खेळवलं, बास्केटजवळ टायसन चँडलर आणि बाहेरच्या बाजूला नेमबाज पेरले. त्या हंगामात निक्सने तीन गुणांचे ८९१ शॉट टाकून एनबीएचा तेव्हाचा विक्रम केला, ५४ सामने जिंकले आणि २००० नंतर प्रथमच प्लेऑफची मालिका जिंकली. अँथनी सामन्याला २८.७ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. खेळाडू तोच होता, भोवतालचं जाळं बदललं होतं.

मग निक्सचा ट्रेड चुकला होता का? माझं मत असं की खेळाडू योग्य होता, किंमत चुकली. अँथनी २०११ च्या उन्हाळ्यात करारातून मोकळा होऊ शकला असता. मालक आणि खेळाडूंच्या वादातून लीगमध्ये टाळेबंदीची चिन्हं होती, नव्या नियमांत मोठे करार आक्रसण्याची भीती होती, त्यामुळे त्याला स्वतःला घाई होती आणि ती समजण्यासारखी होती. निक्सला तेवढी घाई नव्हती. त्यांनी दिलेल्यांत गॅलिनारी होता, ज्याची संधीमागची कार्यक्षमता त्या हंगामात अँथनीहून वरचढ होती. अँथनीच्या हाती आलेले शॉट अशा खेळाडूंच्या वाट्याचे होते. फॉरवर्ड आणताना मला पहिला प्रश्न हाच विचारावासा वाटतो: तो कुणाचे शॉट घेणार? त्यापुढची किंमत वसूल व्हायला वर्षं लागली. २०१६ च्या अदलाबदलीच्या हक्कातून डेन्व्हरला सातवा क्रमांक मिळाला आणि त्यावर त्यांनी जमाल मरे निवडला. २०२३ मध्ये निकोला योकिचच्या जोडीने त्याच मरेने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

टोरंटोने २०१८ मध्ये कवाय लेनर्डला आणलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. त्यांनी दिलेला मुख्य खेळाडू डिमार डीरोझन, म्हणजे स्वतःच भरपूर शॉट घेणारा. लेनर्डने त्याचेच शॉट घेतले, अधिक अचूकपणे. वर लीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून दोनदा गौरवलेला हा माणूस समोरच्याचे गुणही रोखायचा. बाकीचा संघ बराचसा शाबूत राहिला. लेनर्ड नसताना खेळलेल्या २२ सामन्यांतही टोरंटोने १७ जिंकले. २०१९ चं विजेतेपद त्यांना मिळालं, आणि महिन्याभरात लेनर्ड लॉस एंजेलिसला निघूनही गेला. तरी तो ट्रेड मी पुन्हा केला असता.

फिनिक्सचं उदाहरण सगळ्यांत बोचरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी केव्हिन ड्युरंट आणला. ड्युरंटच्या बाबतीत कार्यक्षमतेची शंकाच नाही, एवढे शॉट घेऊन एवढा अचूक राहिलेला फॉरवर्ड विरळा. पण त्यासाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी गेल्या. उरलेल्या संघात भोवतालचं जाळं विणायला माणसंच पुरली नाहीत. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत ४-० असं बाहेर काढलं, २०२५ मध्ये ३६ विजयांवर थांबल्याने ते प्लेऑफलाही मुकले. त्या उन्हाळ्यात त्यांनी ड्युरंटला ह्यूस्टनला धाडलं. बदल्यात जे मिळालं त्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली दहावी निवड होती: फिनिक्सची स्वतःचीच, ड्युरंटसाठी दिलेल्या चारांपैकी एक.