काळी आणि पांढरी

महाराष्ट्रात, विशेषतः देशावर, गावच्या शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. काळा रंग अशुभ, पांढरा पवित्र ही सरधोपट विभागणी या जोडीला लागू पडत नाही. काळी पिकवते, पांढरी नांदवते. गावाला दोन्ही लागतात.

नावे मातीवरून पडली. बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी जमीन ओल धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात खोल भेगाळते. तिच्यावर भिंत धड उभी राहत नाही. म्हणून वस्ती शक्यतो उंचवट्यावर किंवा मुरमाड जागी. तिथे मातीची घरे पडायची, त्यांच्याच ढिगावर नवी उठायची. चुलीची राख, शेण, चुना मिसळत शेकडो वर्षांत त्या थरांना राखाडी-पांढरा रंग आला. ओसाड पडलेल्या गावांची अशी टेकाडे पुरातत्त्वज्ञ मुद्दाम शोधतात. घोड नदीकाठच्या इनामगावची (जि. पुणे) ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या काळातली) वसाहत अशाच टेकाडांखाली होती, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. दुर्दैव असे, की ही माती खत म्हणूनही उत्तम. शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून ती काळीत नेऊन टाकली आणि अनेक प्राचीन स्थळांची त्यात नासाडी झाली.

जुन्या महसुली व्यवहारातही ही जोडी येते. शेतसारा हा काळीचा वसूल. घरे, दुकाने, कारागीर यांच्यावरील पट्ट्या, म्हणजे कर, हा पांढरीचा.

तोंड काळे करणे, काळे झेंडे दाखवणे असे काळ्याचे वाईट अर्थ मराठीत आहेतच. शेतकऱ्याची जमीन मात्र ‘काळी आई’. लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्येला (येळवस) शेतात कडब्याची कोप (खोपी) करून तिची पूजा मांडतात; मग भज्जी-आंबिलीचे जेवण. सणासाठी लोक शहरातून गावी येतात, आणि त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात.

प्राचीन इजिप्तमध्येही नाईलच्या गाळामुळे काळा हा सुपीकतेचा आणि पुनर्जन्माचा रंग ठरला. मृतांचा देव ओसायरिस काही चित्रांत काळ्या वर्णाचा दिसतो. तिथे काळ्या भूमीच्या समोर उभी होती ती मात्र वाळवंटाची लाल भूमी.